पाणी प्यायला उठलेली माणसं

(पत्र थोडं आटोपतं करून घेतलं आहे.)

"ताई, स. न. वि. वि.

मी हरिपूरचा. वय ५१. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. गेल्या वर्षी मिसेस गेली. कॅन्सर होता. कळल्यापासून पाच महिन्यांत सगळं आटोपलं. घरात मी, आई (वय ७४) आणि बारावीतला मुलगा. मुलगी पुण्यात नोकरीला. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे.

मी घरात एकदाही रडलो नाही. मीच कोसळलो तर आईनं कुणाकडं बघायचं? पोराच्या अभ्यासाचं काय? वडील म्हणायचे, सुख सांगावे जना, दुःख सांगावे मना. तसंच वागलो. लोक म्हणतात, माणूस धीराचा आहे. पण हल्ली छातीवर पोतं ठेवल्यासारखं वाटतं. पट्टी करताना आकडे चुकतात. यार्डातून सुटलो की आयर्विन पुलावर जाऊन उभा राहतो, अंधार पडला की घरी येतो. पोरगा मोबाईल बघून मित्रांबरोबर हसतो. त्याला काही वाटतं की नाही तेच कळत नाही.

परवा रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात लाईट दिसली म्हणून गेलो. आई मिसेसनं घातलेल्या लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, 'पाणी प्यायला उठलीय रं.' मी म्हणालो, 'मीपण.' दोघं पाणी प्यालो आणि झोपायला गेलो. झोप लागली नाही. काय करावं? नाव छापू नका."

दादा,

सगळ्यात आधी एक प्रश्न विचारते, रागावू नका. मार्केट यार्डातून हरिपूरला जायला आयर्विन पूल लागत नाही. तुम्ही मुद्दाम वाट वाकडी करून तिकडं जाता. नुसतं पाणी बघायला जात असाल तर त्यात वावगं काही नाही, सांगलीत जन्मलेला माणूस कृष्णेचं पाणी बघायला जातोच. पण कठड्याला टेकून उभं असताना 'सुटलो तर बरं' असं एकदा जरी मनात आलं असेल, तर पुढचं पत्र नंतर वाचा. आज रात्रीच घरातल्या एका माणसाला ते सांगा आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, रात्री-अपरात्री कधीही, मराठीत बोलता येतं. आणि काही दिवस पुलावर एकटं जाऊ नका. असलं विचारलं की माणसाच्या डोक्यात नसलेलं येतं, अशी एक समजूत आहे. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बरं वाटलं, असं सांगणारेच मला जास्त भेटलेत.

तसं काही नसेल तर आता स्वयंपाकघरात येऊ.

रात्री दोन वाजता एकाच घरातली दोन माणसं एकाच बाईसाठी जागी आहेत, आणि दोघंही तहान लागल्याचं नाटक करताहेत. मला तर खात्री आहे की तुमचा मुलगाही त्या वेळी जागा असणार, आणि तुमच्या आवाजानं त्यानं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं असणार. पुण्यात मुलगी फोन ठेवल्यावर काय करत असेल ते तिच्या रूममेटला विचारावं लागेल. तुम्ही चौघंही एकमेकांना जपताय. जपण्याची ही रीत मात्र चुकतेय.

तुमच्या वडिलांनी सांगितलेली म्हण खोटी नाही. फक्त 'जना' म्हणजे कोण, ते नीट बघायला हवं. जन म्हणजे बाजार. यार्डातला व्यापारी, चहाच्या टपरीवरचे ओळखीचे चेहरे, चौथ्या महिन्यात 'एखादं स्थळ बघू का' म्हणणारे पाहुणे. त्यांना सांगू नका, म्हण बरोबर आहे. पण जिनं तुम्हाला जन्म दिला ती आई 'जन' आहे का? तुमच्या मिसेसच्या पोटचा पोरगा 'जन' आहे का? म्हणीत त्यांच्याबद्दल काही म्हटलेलंच नाही. मला विचाराल तर घरची माणसं 'मना'च्या बाजूला येतात.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. माणूस गेल्यावर आपल्याकडं काय होतं ते आठवा. शेजारणी भाकरी-पिठलं घेऊन येतात, बळं बळं दोन घास खायला लावतात. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. मग दहा-बारा दिवस माणसं येत राहतात. बाया दारातूनच हंबरडा फोडतात, गळ्यात पडून रडतात. पुरुष सतरंजीवर बसतात, थोडा वेळ गप्प, मग कुणीतरी विचारतं, "कसं झालं ओ?" आणि घरचं माणूस पहिल्यापासून सांगायला लागतं. अमुक दिवशी पोटात दुखलं, मग तमुक डॉक्टर, मग मिरजेला नेलं. दुसरा पाहुणा आला की परत पहिल्यापासून. दहा दिवसांत तीच गोष्ट पन्नास वेळा सांगून होते. मी तरुण होते तेव्हा मला याचा राग यायचा. वाटायचं, काय हे, जखमेवरची खपली पुन्हा पुन्हा काढतात. आता वाटतं, त्या पन्नास वेळांत काहीतरी शिजत असतं. पहिल्यांदा सांगताना जिथं आवाज फुटत नाही, तिथं चाळिसाव्या वेळी निदान वाक्य पुरं होतं.

आता मला सांगा, त्या दहा दिवसांत तुम्ही कुठं होता? माझा अंदाज असा की तुम्ही सतरंजीवर बसलाच नसाल. मंडपवाला, भटजी, मृत्यूचा दाखला, पाहुण्यांच्या जेवणाची पातेली, बँकेचे कागद. घरातला कर्ता माणूस या सगळ्यात बुडालेला असतो आणि 'कसं झालं' हे सांगायचं काम दुसरं कुणीतरी करतं. तेरावा उरकला, पातेली परत गेली, आणि तुमची सांगायची पाळी आलीच नाही. मग अकरा महिने गेले आणि आता कुणी विचारत नाही. तुमची पाळी राहिलीय, दादा, एवढंच झालंय.

आणखी एक. पत्र हाताने लिहिलेलं, चार पानी. त्यात तुम्ही 'मिसेस' अकरा वेळा लिहिलंय, 'ती' त्याहून जास्त. नाव एकदाही नाही. छापायला नको म्हणून नसेल, ते मान्य. पण घरात तरी घेता का? की वर्षभर सगळेच 'ती असताना', 'तेव्हा', 'आधी' असं बोलून वेळ मारून नेताय? सुरुवात करायचीच असेल तर मी तिथून करीन. उद्या जेवताना आमटी कमी-जास्त झाली तर त्यांचं नाव घेऊन म्हणा, "अमकी असती तर यात चिंचेचा कोळ घातला असता." बास. पुढं काही बोलू नका. काय होतं ते बघा.

नेदरलँड्समध्ये एक अभ्यास झाला होता, २०१३ साली प्रसिद्ध झाला. मूल गमावलेली २१९ जोडपी. मूल गेल्यानंतर सहा, तेरा आणि वीस महिन्यांनी त्यांच्याशी संपर्क ठेवला होता. जोडीदाराला त्रास नको म्हणून आपलं दुःख दाबून ठेवणारी माणसं त्यात बरीच होती. निघालं असं की ज्यांनी दाबलं, त्यांचं स्वतःचं दुःख तर वाढलेलं दिसलंच, पण ज्याच्यासाठी दाबलं त्या जोडीदाराचंही वाढलेलं दिसलं. तो देश वेगळा, ती नवरा-बायको, तुम्ही मायलेक. तरी मला तो निष्कर्ष वाचून तुमचं स्वयंपाकघरच दिसलं. चेहरा सरळ ठेवायला माणसाची एवढी ताकद जाते की समोरच्याकडं बघायला उरतच नाही. आणि समोरच्याला वाटतं, याला काही वाटत नाही. तुम्हाला मुलाबद्दल नेमकं तेच वाटतंय. त्याला तुमच्याबद्दल काय वाटत असेल?

हे सगळं ठीक आहे, पण बोलायचं कसं, असं तुम्ही म्हणाल. पन्नाशीच्या पुरुषाला 'मला फार वाईट वाटतंय' हे वाक्य म्हणायला सांगणं म्हणजे त्याला भर चौकात नाचायला सांगण्यासारखं आहे. मला माहीत आहे, माझ्या घरात असेच पुरुष होते. म्हणून एक वेगळी युक्ती सांगते.

जुलै-ऑगस्टात पाऊस लागला की आपल्याकडं सकाळी पहिला प्रश्न काय असतो? "आयर्विनला किती?" कुणी विचारत नाही, पाण्याबद्दल तुम्हाला काय वाटतंय. आकडा विचारतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ. २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेव्हा हरिपुरात काय झालं ते मी तुम्हाला काय सांगणार. आता विचार करा, पाणी ४३ वर आहे आणि आईला काळजी नको म्हणून तुम्ही तिला '३० आहे' असं सांगितलंत, तर ती धान्याचं पोतं माळ्यावर चढवेल का? नाही. ती निवांत बसून राहील आणि पाणी उंबऱ्यात आल्यावर तिला कळेल. आकडा लपवणं याला आपल्याकडं कुणी धीर म्हणत नाही.

तर घरात आकडा सुरू करा. हसू नका. मुलाला सांगा, "आपण दोघांनी रोज एकमेकांना फूट सांगायचे. मी आज ४२." कारण विचारायचं नाही, उपाय सांगायचा नाही. व्हॉट्सॲपवर नुसता आकडा टाकला तरी चालेल, बारावीतल्या पोराला ते समोर बसून बोलण्यापेक्षा सोपं जाईल. मुलीलाही त्यात घ्या. ती रोज "पप्पा, जेवलात का" विचारत असणार आणि तुम्ही "हो" म्हणत असणार, म्हणजे ना तिला काही कळतं, ना तुम्हाला. ४० च्या पुढं कुणाचा आकडा गेला की दुसऱ्यानं जवळ येऊन बसायचं. ४५ झाला की फोन करायचा, मग ऑफिसात मीटिंग असो नाहीतर दुकानात सौदे. काही दिवस पोरं चेष्टा करतील. करू देत. एखाद्या दिवशी मुलगा '४७' टाकेल आणि तुम्हाला कळेल की तो हसत होता म्हणजे कोरडा नव्हता.

त्याच्या हसण्याबद्दल तर बिलकूल वाईट वाटून घेऊ नका. दुःखात माणूस सलग बुडालेला राहत नाही. थोडा वेळ आत जातो, थोडा वेळ बाहेर येतो, क्रिकेट बघतो, वडापाव खातो, परत आत जातो. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या दोन अभ्यासकांनी १९९९ साली हीच ये-जा मांडली आणि ती निरोगी असते असं सांगितलं. तरुण पोरांत ही ये-जा फार भराभर होते. वर बघाल तर मोबाईल, आत बघाल तर आईचा जुना मेसेज. तुमची अडचण वेगळी आहे. तुम्ही बाहेरच उभे आहात, दाराला कडी घालून, आणि आत जे आहे ते छातीवर चढून बसलंय.

एकदम सगळं उघडायला मात्र जाऊ नका. तुम्ही हळदीतले, तुम्हाला पेवाचं मी सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे. तरी सांगते. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या त्या खोल कोठारात, हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, हे खरं. पण पेवाचं तोंड उघडल्याबरोबर कुणी आत उडी मारत नसे. आतली हवा माणसाला गुदमरवून टाकते. तोंड उघडून ठेवायचं, वारा जाऊ द्यायचा, कंदील सोडून बघायचा, मग माणूस. अकरा महिने बंद ठेवलेलं मन एका रात्रीत बारावीतल्या पोरासमोर रितं केलंत तर तो घाबरेल. आधी नाव. मग आकडा. मग एखादी आठवण. हॉस्पिटलातले शेवटचे दिवस, 'लवकर दाखवायला पाहिजे होतं' ही टोचणी, ते सगळ्यात शेवटी, आणि ते मुलाजवळ नको, आईजवळ किंवा एखाद्या मित्राजवळ. (ती टोचणी तुम्ही लिहिलेली नाही. पण असणार. माझ्याकडं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पत्रात ती असते.)

मित्राचं बोललेच आहे तर, टपरीवर नको हे तुमचं बरोबर. पण एका मित्राला संध्याकाळी हरिपूर रस्त्यानं संगमेश्वरापर्यंत चालायला बोलवा. पुरुषांना समोरासमोर बसून बोलता येत नाही, शेजारी शेजारी चालताना येतं, हे मी आयुष्यभर बघितलंय. निघतानाच सांगून टाका, "आज मला बोलायचंय. तू काही सुचवू नकोस, नुसतं ऐक." हे सांगितलं नाही तर तो बिचारा 'विपश्यना कर', 'गावाला जाऊन ये' असं काहीतरी देत बसेल, कारण त्यालाही मोकळ्या हातानं ऐकायची सवय नाही. तेवढं फिरणं झालं की पुलावर जायची गरजही कदाचित उरणार नाही.

माझं सांगते, थोडक्यात. माझे यजमान गेले तेव्हा मी तुमच्यासारखीच 'धीराची बाई' होते. पहिल्या दिवाळीला कराडहून नणंद आली, रीतीप्रमाणे दुखवटा काढायला. मी फराळाचं ताट पुढं केलं, हवापाण्याच्या गप्पा चालवल्या. ती एकदम म्हणाली, "वहिनी, मला दादाचा आवाज आठवेनासा झालाय. तो तुला हाक कशी मारायचा गं?" मला हसू आलं, कारण ते मला नावानं हाक मारायचेच नाहीत, खोकायचे. दोनदा खोकले की चहा, तीनदा खोकले की पाहुणे आलेत. मी तिला खोकून दाखवलं. तिनंही खोकून दाखवलं. दोघी हसून हसून रडलो, आणि चिवडा सगळा सांडला. त्याआधी वर्षभर मला वाटत होतं की त्यांच्याबद्दल बोलायचं म्हणजे रडायचं. त्यांच्या खोकण्यावर हसण्यासाठीही कुणीतरी सोबत लागतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

वर्षश्राद्धाचं बघा. मंडप, भटजी, जेवण यांची जबाबदारी या वेळी भावकीतल्या कुणावर तरी टाका. मुद्दाम टाका. मुलीला आदल्या दिवशीच बोलवून घ्या, त्या दिवशी सकाळच्या गाडीनं नको. आदल्या रात्री चौघंच घरात असाल. तेव्हा जी सांगायची पाळी राहिली होती ती घ्या. कसं झालं, पहिल्यापासून. चुकलं तर आई दुरुस्त करील, "न्हाई रं, त्यो मंगळवार व्हता." करू द्या. तिच्याकडं तिची गोष्ट आहे, तीही कुणी ऐकलेली नाही. बावीस वर्षं एका चुलीवर राबलेली सून गेलीय तिची.

डॉक्टरांकडं कधी जायचं, हेही सांगून ठेवते. दुःख म्हणजे आजार नव्हे, अकरा महिन्यांनी रडू येणं तर अजिबात नाही. पण रोजच्या रोज, दिवसभर, दुसरं काही सुचूच नये, जेवण-झोप-काम कोलमडावं, आपल्या असण्यालाच अर्थ नाही असं वाटत राहावं, आणि हे महिनोन् महिने जराही उतरू नये, तर त्याला आता वैद्यकशास्त्रात वेगळं नाव आणि वेगळे उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्यासाठी निदान सहा महिन्यांची मुदत धरलेली आहे, म्हणजे तुम्ही ती ओलांडलीय. आकडे चुकणं, छातीवरचं पोतं, रात्रीची जाग, एवढ्यावरून मी निदान करणार नाही, ते माझं काम नाही. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, सकाळी केसपेपर काढून एकदा भेटून या. आणि छातीचं ओझं खरोखरच छातीचं नाही ना, हेही एकदा तपासून घ्या. ५१ वय आहे, ईसीजीला फार वेळ लागत नाही.

महिन्याभरानं मला परत लिहा. या वेळी पत्रात त्यांचं नाव लिहा, मी छापणार नाही.

आणि ती बरणी. ते लोणचं संपत आलं असेल, आणि संपवायचं की नाही यावरून घरात कुणी काही बोलत नसेल. पुन्हा रात्री दोनला लाईट दिसली तर पाणी पिऊ नका. आईसमोर पाट टाकून बसा, बरणी उघडा आणि सकाळची भाकरी उरली असेल तर ती घ्या. पोराला हाक मारा. तो जागाच असेल.

तुमची,
ताई